टीएलडी बॅज आणि डोस लक्षात ठेवणारे स्फटिक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी एका रुग्णालयात रेडिएशन सेफ्टी ऑफिसर आहे, म्हणजे सगळे ज्याला आरएसओ म्हणतात तो. टीएलडी म्हणजे थर्मोल्युमिनेसेंट डोसिमीटर: रेडिएशनजवळ काम करणाऱ्याला किती डोस लागला ते मोजणारा, अंगावर लावायचा बॅज. दर तीन महिन्यांनी तो बदलायची वेळ आली की तेच तेच प्रश्न येतात. एक्स-रे टेक्निशियन विचारतात, कॅथलॅबच्या (एक्स-रेखाली हृदयाच्या प्रोसिजर होतात ती खोली) सिस्टर विचारतात, सी-आर्मखाली (ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणारं यंत्र) तासन् तास उभे राहणारे ऑर्थोचे रेसिडेंट विचारतात. वेल्डिंगच्या जोडांची रेडिओग्राफी करणाऱ्या मित्रांचेही फोन येतात. हे प्रश्न इथे विचारले गेले त्याच भाषेत ठेवले आहेत. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे लागली तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. टीएलडी बॅजमध्ये नेमकं असतं काय? उघडून बघितला तर चालेल का?

उघडू नका, मीच सांगतो. प्लास्टिकच्या डबीत ॲल्युमिनियमचं छोटं कार्ड असतं. त्याला ओळीने तीन भोकं असतात आणि प्रत्येक भोकावर एक पांढरी चकती क्लिपने बसवलेली असते. चकती शर्टाच्या बटणाएवढी, तेरा मिलिमीटरच्या आसपास व्यासाची आणि मिलिमीटरभरही जाड नसलेली. डिस्प्रोशियम हा धातू किंचित मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटची पूड टेफ्लॉनमध्ये दाबून ती बनवतात. कॅल्शियम सल्फेट तुमच्या ओळखीचं आहे. हाड मोडल्यावर घालतात त्या प्लास्टरचं मूळ द्रव्य तेच.

कार्डाचा एक कोपरा मुद्दाम कापलेला असतो, म्हणजे ते उलटं बसत नाही. वर कागदाचं वेष्टण असतं, त्यावर नाव, क्रमांक आणि वापराचा काळ लिहिलेला असतो. हे वेष्टण फाडलं की चकतीवर धूळ, तेल, घाम बसतो. तापवल्यावर तो मळही उजेड देतो आणि तुमच्या नावावर न घेतलेला डोस लागू शकतो.

२. बॅज घातला की रेडिएशन कमी लागतं ना?

नाही. बॅज काहीही अडवत नाही. अडवतं ते लेडचं ॲप्रन, भिंत, अंतर आणि कमी वेळ. हा प्रश्न मला दर बॅचला एकदा तरी येतो आणि दर वेळी काळजी वाटते. कारण असं समजणारा माणूस बॅज लावून निर्धास्तपणे एक्स-रे ट्यूबच्या जवळ उभा राहतो.

३. यात बॅटरी नाही, चिप नाही. मग तीन महिन्यांचा डोस लक्षात राहतो कसा?

मला या विषयाची गोडी लागली ती याच प्रश्नामुळे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

स्फटिकात अणू रांगेत बसलेले असतात आणि इलेक्ट्रॉन आपापल्या जागी बांधलेले असतात. एक्स-रे किंवा गॅमा किरण आत आला की काही इलेक्ट्रॉन जागचे उठतात. शुद्ध, निर्दोष स्फटिकात ते लगेच परत बसले असते. पण या स्फटिकात डिस्प्रोशियम मुद्दाम मिसळलेलं असतं आणि रचनेत बारीक उणिवाही असतात. त्यांमुळे आत जणू खाचा तयार होतात. उठलेले काही इलेक्ट्रॉन त्या खाचांत अडकतात. खाच पुरेशी खोल असेल तर नेहमीच्या तापमानाला त्यांना बाहेर पडता येत नाही, महिनोन् महिने ते तिथेच राहतात. जितकं रेडिएशन जास्त, तितके अडकलेले इलेक्ट्रॉन जास्त.

वाचायच्या वेळी चकती तापवतात. आपल्याकडच्या पद्धतीत कार्डावर सुमारे २८५ अंश सेल्सिअसचा गरम नायट्रोजन सोडतात. उष्णतेने अडकलेले कण सुटतात, पुन्हा एकत्र येतात आणि त्या वेळी सुटलेली ऊर्जा डिस्प्रोशियम उजेडाच्या रूपात बाहेर टाकतं. थोडा निळसर, थोडा पिवळसर असा हा उजेड इतका मंद असतो की तो मोजायला फोटोमल्टिप्लायर ट्यूब लागते. पडद्यावर एक रेघ चढते, माथ्याला पोचते आणि उतरते. यालाच ग्लो कर्व्ह म्हणतात. एका चकतीला अर्धा मिनिट लागतो. त्या रेघेखालचं क्षेत्रफळ म्हणजे तुमचा तीन महिन्यांचा हिशेब. पहिल्यांदा ती रेघ चढताना पाहिली तेव्हा मी बराच वेळ खुर्चीवरून उठलो नव्हतो.

वाचून झालं की कार्ड २३० अंशांवर चार तास भाजतात. उरलीसुरली आठवण पुसली जाते आणि कार्ड पुन्हा वापरात येतं.

तापवल्यावर स्फटिक उजळतो हे माणसाने फार पूर्वी पाहिलं होतं. १६६३ मध्ये रॉबर्ट बॉइलने एक हिरा अंगाच्या उबेवर धरून अंधारात त्याची मंद चमक पाहिल्याची नोंद आहे. भारतात आधी फिल्म बॅज, म्हणजे फोटोच्या फिल्मवर डोस नोंदवणारे बॅज, होते. १९७५ पासून भाभा अणुसंशोधन केंद्राने, म्हणजे बीएआरसीने, तुर्भ्याला विकसित केलेले टीएलडी बॅज त्यांची जागा घेऊ लागले. पदार्थ इथेच बनवता येत होता, स्वस्त पडत होता आणि आपल्या दमट, उष्ण हवेत फिल्मसारखा खराब होत नव्हता. इतक्या मोठ्या देशात बॅजची सोय गावोगावच्या एक्स-रे क्लिनिकपर्यंत पोचली, त्यामागे हे एक मोठं कारण आहे असं मला वाटतं.

४. एका चकतीत काम झालं असतं. तीन कशाला?

कॅल्शियम सल्फेटमध्ये एक खोट आहे. आपल्या शरीरातल्या मऊ ऊतींचा सरासरी अणुक्रमांक साडेसातच्या आसपास आणि याचा पंधराच्या पुढे. त्यामुळे कमी ऊर्जेचा एक्स-रे हा पदार्थ शरीरापेक्षा खूप जास्त शोषतो. ३० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या (किरणांच्या ऊर्जेचं एकक) आसपास तो कोबाल्टच्या जास्त ऊर्जेच्या गॅमाच्या तुलनेत दहापटीच्या घरात जास्त आकडा दाखवतो. म्हणजे एकट्या उघड्या चकतीवर विश्वास ठेवला तर डेंटल एक्स-रे काढणाऱ्याच्या नावावर उगाच प्रचंड डोस लागेल.

म्हणून डबीत तीन खिडक्या आहेत. पहिली चकती तांबे आणि ॲल्युमिनियमच्या पत्र्याखाली असते, दुसरी प्लास्टिकखाली, तिसरी उघडी. गॅमा असेल तर तिन्हींचे आकडे जवळपास सारखे येतात. डायग्नोस्टिक एक्स-रे असेल तर पत्र्याखालची चकती फार मागे पडते. बीटा, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन, असतील तर मुख्यतः उघडीच बोलते. या गुणोत्तरांवरून कोणतं रेडिएशन होतं ते ठरवून मगच डोस काढतात.

लिथियम फ्लोराइड हा पदार्थ या बाबतीत शरीराच्या बराच जवळ आहे, त्याचा अणुक्रमांक आठच्या आसपास भरतो. पण तो कॅल्शियम सल्फेटइतका संवेदनशील नाही. प्रत्येक पदार्थात असा काहीतरी व्यवहार असतोच.

यावरून एक गोष्ट लक्षात घ्या: कार्ड डबीबाहेर काढून नुसतं खिशात ठेवलं तर त्याचे फिल्टर गेले. मग तो आकडा कुणालाच नीट सांगता येत नाही.

५. बॅज लेड ॲप्रनच्या आत लावायचा की बाहेर?

एकच बॅज असेल तर छातीवर, ॲप्रनच्या आत, नावाची बाजू समोर. शरीराला खरोखर किती लागलं ते त्याने सांगायचं असतं आणि ॲप्रनमुळे ते कमीच झालेलं असतं. बाहेर लावलात तर ॲप्रनचा फायदा हिशेबात येत नाही.

कॅथलॅबसारख्या ठिकाणी डोकं, डोळे आणि हात ॲप्रनबाहेरच असतात. तिथे दुसरा बॅज गळ्याशी ॲप्रनच्या वर आणि मनगटाला वेगळा बॅज मागून घ्या. डोळ्यांच्या भिंगाबद्दल तर अजिबात हलगर्जी नको. रेडिएशनपासून संरक्षणाची आंतरराष्ट्रीय समिती आयसीआरपीने २०११ मध्ये भिंगासाठीची मर्यादा वर्षाला १५० वरून सरासरी २० मिलिसिव्हर्टवर (शरीराला लागलेल्या डोसचं एकक) आणण्याची शिफारस केली. आधी वाटत होतं त्यापेक्षा कमी डोसलाही मोतीबिंदू होतो, हे दिसल्यामुळे. दोन बॅज असतील तर त्यांची अदलाबदल होऊ देऊ नका. आतला आणि बाहेरचा उलटले तर दोन्ही आकडे वाया जातात.

६. कंट्रोल बॅज म्हणजे काय? तो कुणीच घालत नाही, मग पैसे कशाचे?

रेडिएशन तर घरातही असतं. जमिनीतून, भिंतींतून, आकाशातून. तीन महिन्यांत नुसतं कपाटात पडलेलं कार्डही ०.२ मिलिसिव्हर्टच्या आसपास डोस जमवतं. कंट्रोल कार्ड तेवढंच मोजतं आणि तो आकडा तुमच्या आकड्यातून वजा होतो. कुरिअरच्या वाटेत पार्सलला एखादा एक्स-रे लागला तर तोही असाच वजा होतो, कारण कंट्रोल बॅज त्याच पार्सलमध्ये असतो.

म्हणून कंट्रोल बॅज एक्स-रे खोलीपासून दूर ठेवायचा. काम संपलं की सगळ्यांचे बॅज त्याच जागी त्याच्या शेजारी लावायचे. कंट्रोलच कुणी एक्स-रे खोलीच्या भिंतीला टांगला तर त्याचा आकडा फुगतो आणि सगळ्यांचा खरा डोस कापला जातो. मला ही चूक सगळ्यात वाईट वाटते, कारण रिपोर्ट छान दिसतो आणि कुणी तक्रारच करत नाही.

७. माझ्या रिपोर्टमध्ये वर्षानुवर्षं शून्यच येतं. बॅज चालतो तरी का?

बहुतेक वेळा चालतो. भिंतीआडून कंट्रोल पॅनलवर काम करणाऱ्या टेक्निशियनला शून्यच यायला हवं. शून्य म्हणजे नोंदवण्याइतकं काही आढळलं नाही.

पण कॅथलॅबमध्ये दिवसाला पाच-सहा केस करणाऱ्याचं ॲप्रनबाहेरचं शून्य येत असेल तर मी आधी त्याचा बॅज ड्रॉवरमध्ये आहे का ते बघतो.

८. कायद्याने मर्यादा किती आहे?

अणुऊर्जा नियामक परिषद, म्हणजे एईआरबी, यांच्या मर्यादा अशा: रेडिएशनचं काम करणाऱ्याला सलग पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० पेक्षा जास्त नाही. आयसीआरपी एका वर्षात ५० पर्यंत जाऊ देते, आपला नियम त्याहून कडक आहे. हात, पाय आणि त्वचेसाठी ५०० मिलिसिव्हर्ट. सोळा ते अठरा वयाच्या प्रशिक्षणार्थींना वर्षाला ६. सामान्य जनतेला १. पेशंटला उपचार-तपासणीत मिळणारा डोस यात धरत नाहीत, त्याचा विचार वेगळा असतो.

मर्यादा म्हणजे तिथपर्यंत घ्यायची परवानगी आहे, असं मात्र नाही. टाळता येईल तेवढं टाळायचंच.

९. तीन महिन्यांत डोस १० मिलिसिव्हर्टच्या वर आला. आता काय होईल?

आधी घाबरू नका. एका कालावधीत आकडा १० च्या वर गेला की चौकशी होते. संस्थेला कळवलं जातं. तुम्ही काय काम केलं, बॅज कुठे होता, कुणाच्या हातात होता, हे लिहून द्यायचं असतं. त्यावरून तो डोस खरोखर तुमच्या शरीराला लागला की फक्त बॅजला, हे ठरवतात. बरेचदा कारण प्रश्न ११ मधलं असतं.

आकडा फार मोठा असेल, १०० मिलिसिव्हर्टच्या पुढची शंका असेल, तर रक्ताची क्रोमोसोम तपासणी करतात. पांढऱ्या पेशींत दोन मध्यबिंदू असलेले तुटून जोडलेले क्रोमोसोम मोजतात. बॅज चुकू शकतो, विसरू शकतो. रक्त मात्र तुमच्याच अंगातलं असतं.

आणि कृपा करून खरं लिहा. मी अशी कागदपत्रं तयार करायला कित्येकांबरोबर बसलो आहे. 'बॅज खोलीत विसरलो' हे कबूल करायला लोक लाजतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही. खोटं लिहिलं तर मात्र खरी गळती, सैल झालेला कोलिमेटर (किरणांचा झोत आखडता ठेवणारा भाग) किंवा उघडा राहिलेला शटर तसाच राहतो आणि पुढचा माणूस त्याच्यासमोर उभा राहतो.

१०. डोस वाढला तर काम थांबवतील, म्हणून सिनिअर डॉक्टर बॅज काढून ठेवतात. आम्हीही तेच करू का?

नाही. हे मी कळवळून सांगतो. आधी काम केलेल्या एका रुग्णालयात एक तरुण रेसिडेंट रोज सी-आर्मवर असायचा आणि त्याचा बॅज रोज लॉकरमध्ये असायचा. त्याला सांगितलं गेलं होतं की आकडा वाढला तर सर्जरी मिळणार नाहीत. एकदा त्याच्या हातात मी सर्व्हे मीटर (रेडिएशन त्याच क्षणी दाखवणारं यंत्र) दिला आणि टेबलाच्या दोन्ही बाजूंना उभं केलं. ट्यूबच्या बाजूला काटा जिथे गेला आणि डिटेक्टरच्या बाजूला जिथे राहिला, त्यातला फरक पाहून तो गप्प झाला. त्या दिवसापासून त्याने उभं राहायची बाजू बदलली आणि फूटपेडलवरचा पाय लवकर उचलू लागला. बॅज लावूनही त्याचा आकडा मर्यादेच्या खूप आत राहिला आणि त्याची एकही सर्जरी गेली नाही.

वाढलेला आकडा बहुतेक वेळा सवयीत किंवा यंत्रात दुरुस्ती करून खाली येतो. पण तो आधी दिसायला हवा.

११. बॅज एक्स-रे खोलीत राहिला / धुवायला गेला / गाडीच्या डॅशबोर्डवर तापला / हरवला. काय करू?

खोलीत राहिला: त्याच दिवशी आरएसओला सांगा, तारीख आणि वेळ लिहून ठेवा. पूर्वीच्या फिल्मवर स्थिर पडलेल्या बॅजची फिल्टरची धार स्पष्ट उमटायची, त्यावरून ओळखता यायचं. टीएलडीत असं चित्र नसतं. म्हणून तुमची नोंद हाच मुख्य पुरावा.

कोटाबरोबर धुतला: टेफ्लॉनमुळे चकतीला पाण्याने फार काही होत नाही. पण वेष्टण भिजतं आणि साबणाचा थर बसतो. तसाच पाठवा, चिठ्ठी लावून. स्वतः कोरडा करायला हीटरवर ठेवू नका. तापवणं म्हणजे पुसणं, हे प्रश्न ३ मध्ये आलंच आहे.

डॅशबोर्ड: गाडीचं तापमान वाचनाच्या तापमानाच्या जवळपासही जात नाही, पण उन्हाने उथळ खाचा रिकाम्या होतात आणि प्रखर प्रकाशाचाही परिणाम होतो. टाळा.

हरवला: लगेच कळवा. त्या काळाचा डोस तुमच्या कामावरून आणि सहकाऱ्यांच्या आकड्यांवरून अंदाजतात. दुसऱ्याचा बॅज उसना घेऊ नका. मग दोघांचीही नोंद बिघडते.

१२. मी गरोदर आहे. बॅजचं काय बदलतं?

कळल्याबरोबर आरएसओला आणि विभागप्रमुखांना सांगा. त्यानंतर उरलेल्या काळात गर्भाला १ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त मिळू नये असा नियम आहे. बॅज पोटाच्या पातळीवर, ॲप्रनच्या आत लावायचा. काम सोडावं लागतं असं नाही. कंट्रोल पॅनलमागचं काम बहुतेक ठिकाणी चालतं. न्यूक्लिअर मेडिसिनचं (किरणोत्सारी औषधं देण्याचं) किंवा फ्लुरोस्कोपीचं (चालू एक्स-रे चित्राखालचं) काम मात्र बदलून मागा आणि मागताना संकोच करू नका. कुणी कुरकुर केली तर हा नियम लेखी दाखवा.

१३. माझाच सीटी स्कॅन होता, बॅज कोटावर तसाच होता.

स्वतः पेशंट असताना बॅज काढून ठेवायचा. राहिलाच तर आरएसओला सीटीची तारीख द्या, म्हणजे तो डोस कामाच्या खात्यात धरला जाणार नाही.

१४. विमानातून बॅज नेला तर?

हातातल्या सामानाच्या तपासणीचा एक्स-रे इतका थोडा असतो की सहसा काळजी नसावी. चेक-इन सामानाला काही ठिकाणी सीटीसारखं यंत्र असतं, तिथला डोस जास्त, म्हणून बॅज सामानात टाकू नका. उंचीवर आकाशातून तासाला काही मायक्रोसिव्हर्ट मिळतात, पण तो तुमच्या कामाचा भाग नाही. सगळ्यात सोपं म्हणजे बॅज रॅकवर ठेवून जा.

१५. रिपोर्टवर माझा विश्वास नाही. तेच कार्ड पुन्हा वाचून मिळेल का?

टीएलडी एकदा तापवला की माहिती गेली. खूप मोठ्या डोसनंतर खोल खाचांत उरलेल्या अंशावरून अंदाज काढता येतो, पण नेहमीच्या छोट्या डोसला ते शक्य नाही. प्रयोगशाळेकडे मागण्यासारखी गोष्ट म्हणजे साठवलेला ग्लो कर्व्ह. मळामुळे आलेल्या उजेडाची रेघ वेगळ्या आकाराची असते, जाणकाराला ती ओळखू येते.

पुन्हा वाचता येणारे पदार्थ आहेत. कार्बन मिसळलेलं ॲल्युमिनियम ऑक्साइड उष्णतेऐवजी प्रकाशाने वाचतात. हिरवा प्रकाश टाकला की ते निळा उजेड देतं आणि एका वाचनात थोडीच माहिती खर्च होते. यालाच ओएसएल म्हणतात. याचं वैगुण्य उघड आहे: उजेडात उघडा पडला तर आपोआप पुसला जातो. दुसरा प्रकार म्हणजे चांदी मिसळलेली फॉस्फेट काच. अतिनील प्रकाशात ती नारिंगी चमकते आणि वाचल्याने माहिती अजिबात पुसली जात नाही. जपानमध्ये या काचेचे बॅज मोठ्या प्रमाणावर वापरले जातात.

१६. तीन महिने थांबण्यापेक्षा लगेच आकडा दाखवणारा पॉकेट डोसिमीटर का नाही?

जिथे अचानक धोका येऊ शकतो तिथे तो हवाच. इरिडियम-१९२ चा कॅमेरा (जोडांच्या रेडिओग्राफीसाठी किरणोत्सारी स्रोत बाहेर काढणारं यंत्र) वापरणाऱ्यांनी गजर देणारं यंत्र खिशात ठेवल्याशिवाय कामाला हातच लावू नये. स्रोत नळीत अडकला तर टीएलडी ते तीन महिन्यांनी सांगेल, गजर त्याच क्षणी सांगतो.

पण त्यात एक गोम आहे. अनेक पॉकेट यंत्रांत सिलिकॉनचा डायोड प्रत्येक फोटॉन (एक्स-रेचा एकेक कण) सुटा सुटा मोजतो. एक्स-रे ट्यूबचा झोत मात्र काही मिलिसेकंदांत सगळा येऊन जातो. त्या क्षणी फोटॉनांची इतकी गर्दी होते की यंत्राला दोन गणतींमध्ये उसंतच मिळत नाही आणि आकडा खूप कमी येतो. टीएलडीला वेगाशी देणंघेणं नाही, तो फक्त जमवत जातो. म्हणून नोंदीचा आकडा टीएलडीचा.

१७. आम्ही न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये आहोत. आयोडीन अंगावर सांडलं तर बॅज सांगेल का?

बॅज बाहेरून आलेलंच मोजतो. श्वासातून किंवा तोंडातून आत गेलेलं आयोडीन-१३१ थायरॉइडमध्ये साठतं, त्यासाठी गळ्याशी काउंटर धरून मोजणी करावी लागते.

उलट अडचणही येते. थेंब बॅजवरच उडाला तर तो दिवसरात्र त्या चकतीला डोस देत राहतो आणि तुमच्या नावावर अवाच्या सवा आकडा लागतो. सर्व्हे मीटरने बॅज तपासत जा. बोटांसाठी अंगठीतली टीएलडी मागून घ्या. सिरिंज भरताना छातीच्या कितीतरी पट डोस बोटांच्या टोकाला असतो.

१८. न्यूट्रॉन मोजतो का हा?

आपला कॅल्शियम सल्फेटचा बॅज जवळजवळ नाही. तेलविहिरींत अमेरिसियम-बेरिलियमचे स्रोत वापरणाऱ्यांना न्यूट्रॉनसाठी वेगळा बॅज लागतो. त्यात सीआर-३९ नावाच्या प्लास्टिकचा तुकडा असतो. न्यूट्रॉनने उडवलेले प्रोटॉन त्यात सूक्ष्म ओरखडे पाडतात. मग तो कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात झिजवला की ओरखडे खड्ड्यांसारखे मोठे होतात आणि मोजता येतात. हेच प्लास्टिक चष्म्याच्या भिंगांत असतं.

१९. रेडिओथेरपीत पेशंटच्या अंगावर चिकटवतात ती तार कशाची?

बहुधा सिलिकॉन डायोडची किंवा मॉसफेटची (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर). सिलिकॉन हवेपेक्षा खूप दाट आणि त्यात विद्युतभार सुटायला ऊर्जाही कमी लागते. त्यामुळे तेवढ्याच आकाराच्या हवेच्या आयन चेंबरपेक्षा (रेडिएशनने हवेत सुटलेला विद्युतभार मोजणारी डबी) त्याचा सिग्नल सुमारे अठरा हजार पट मोठा मिळतो. म्हणूनच इतका लहान तुकडा पुरतो.

मॉसफेटची स्मरणशक्ती वेगळी. त्यातल्या ऑक्साइडच्या पातळ थरात रेडिएशनमुळे धन विद्युतभार अडकून बसतो आणि ट्रान्झिस्टर सुरू व्हायला लागणारा व्होल्टेज सरकतो. किती सरकला, त्यावरून डोस. पण थर भरला की तो मॉसफेट बाद, आणि डायोडही वापरागणिक मंदावतो. दोघांचंही अंशांकन (कॅलिब्रेशन) पुन्हा पुन्हा करावं लागतं.

२०. लासलगावला कांद्याला रेडिएशन देतात. तिथेही हाच बॅज लावतात का?

तिथल्या कामगारांना हाच. कांद्याला नाही, कारण मोजायच्या पट्टीचाच प्रश्न येतो. कामगाराचा हिशेब मिलिसिव्हर्टमध्ये असतो. कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून ०.०२ ते ०.२ किलोग्रे देतात (ग्रे हे पदार्थाने शोषलेल्या डोसचं एकक), अमेरिकेला जाणाऱ्या आंब्याला किमान ४०० ग्रे. वैद्यकीय साहित्य निर्जंतुक करायला २५ किलोग्रेची मात्रा प्रचलित आहे. इतक्या डोसला टीएलडीच्या खाचा भरून जातात आणि आकडा डोसच्या प्रमाणात राहत नाही.

इतक्या मोठ्या डोससाठी ॲलॅनिन वापरतात. हे साधं अमिनो आम्ल आहे. रेडिएशनने त्यात टिकाऊ मुक्तमूलकं (एकटा पडलेला इलेक्ट्रॉन असलेले रेणूचे तुकडे) तयार होतात आणि ती ईपीआर नावाच्या यंत्रात चुंबकीय क्षेत्रात मोजता येतात. दहा ग्रेपासून शंभर किलोग्रेपर्यंत त्याची मजल जाते. वाचल्याने तेही पुसलं जात नाही.

२१. अपघात झाला आणि अंगावर बॅजच नव्हता. मग डोस कळणारच नाही का?

कळू शकतो, कारण बॅज नसला तरी स्फटिक असतात. दाताचा वरचा थर, इनॅमल, खनिजाचा असतो आणि त्यातही ॲलॅनिनसारखी टिकाऊ मूलकं तयार होतात. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांचे आणि चेर्नोबिलच्या कामगारांचे डोस असे दातांवरून तपासले गेले. विटा-कौलांतल्या क्वार्ट्झचा उजेड वाचून त्या गावावर किती रेडिएशन पडलं ते काढता येतं. मोबाइलच्या सर्किटवरच्या बारीक रेझिस्टरांत ॲल्युमिनाचा तुकडा असतो, तोही ओएसएलने वाचता येतो, पण त्याची आठवण लवकर विझते, म्हणून फोन लवकर जमा करावा लागतो. रक्ताच्या तपासणीबद्दल प्रश्न ९ मध्ये आहे.

भंगारात जड, शिशाच्या आवरणातला अनोळखी डबा दिसला तर यातली कोणतीही तपासणी करायची वेळ येऊ देऊ नका. दिल्लीत मायापुरीला एप्रिल २०१० मध्ये भंगारात आलेल्या कोबाल्ट-६० मुळे माणूस गेला. डबा उघडायचा नाही, दूर व्हायचं आणि पोलिसांना कळवायचं.

२२. नोकरी बदलली. जुना डोस पुसला जातो का? नवीन बॅज नवीन नंबरचा घ्यावा का?

तुमचा वैयक्तिक क्रमांक आयुष्यभरासाठी एकच असतो आणि देशभरातली नोंद बीएआरसीच्या राष्ट्रीय डोस नोंदणीत राहते. नवीन ठिकाणी रुजू होताना तोच क्रमांक द्या. बरेच जण 'पहिल्यांदाच बॅज घेतोय' असं लिहून नवा क्रमांक काढतात आणि पाच वर्षांची बेरीज दोन खात्यांत विभागली जाते. असं आधीच झालं असेल तर दोन्ही क्रमांक लिहून आरएसओकडे द्या, खाती जोडायला सांगता येतं. जुन्या संस्थेतून निघताना डोस रिपोर्टची प्रत मागून घ्या आणि तिमाही संपली नसली तरी अंगावरचा बॅज तिथेच जमा करून निघा. तो पाकिटात विसरून नव्या शहरात गेला तर त्याचा कंट्रोल मागे राहतो आणि वजाबाकी करायला काही उरत नाही.